सेवा आपली, सुट्टी त्यांची

(माणिकपूर, वसई येथे कार्यकर्ते व त्यांच्या कुटुंबीयांच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



संयोजकांनी मला 'श्रमप्रतिष्ठा' हा विषय दिला आहे. विषय मोठा आहे आणि मोठ्या विषयावर बोलणे एका अर्थी सोपे असते. श्रमाला प्रतिष्ठा मिळाली पाहिजे असे म्हटले की सारे सभागृह माना डोलावते आणि घरी जाऊन जेवते. म्हणून त्या मोठ्या विषयातला एक अगदी लहान, घरगुती आणि काहीसा अडचणीचा प्रश्न मी आज घेणार आहे. जी व्यक्ती आपल्याकडे पूर्णवेळ नोकरीस नाही, दिवसातला एखादा तास किंवा आठवड्यातले काही दिवस येऊन काम करते, तिने सुट्टीच्या दिवशीही मोबदल्याविना यावे, अशी अपेक्षा आपण धरावी काय?

सकाळी सातच्या सुमारास वसई रोड स्थानकाच्या पुलावर पाच मिनिटे उभे राहिले, तर माणसांचे दोन प्रवाह दिसतात. एक चर्चगेटची गाडी पकडण्यासाठी फलाटाकडे धावत असतो. त्यात आपण असतो, आपली मुले-सुना असतात. दुसरा प्रवाह पूर्वेकडून पश्चिमेकडे येतो. गोखिवरे, वालीव, नायगाव, नालासोपारा येथून आलेल्या त्या स्त्रिया असतात. माणिकपूर आणि अंबाडी रोडच्या सोसायट्यांत चार चार, पाच पाच घरांची धुणीभांडी, केरलादी, पोळ्या करून त्या दुपारी परततात. गेल्या तीन-चार दशकांत येथील भाताच्या खाचरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, नवघर-माणिकपूर नगरपालिका २००९ मध्ये महानगरपालिकेत सामावली गेली, २०१४ मध्ये जिल्हाही बदलला. या साऱ्या काळात पहिला प्रवाह दुसऱ्या प्रवाहाच्या आधाराने चालत आला आहे. पती-पत्नी दोघेही नोकरीवर जातात, याचा अर्थ घरात तिसरे कोणीतरी काम करीत असते.

आता आपल्या स्वयंपाकघरातील भिंतीवरचे कालनिर्णय आठवा. त्या चौकोनांत दुधाचे लिटर लिहिलेले असतात, इस्त्रीचे कपडे लिहिलेले असतात आणि बाईंचे खाडे लिहिलेले असतात. खाडा म्हणजे ज्या दिवशी त्या आल्या नाहीत तो दिवस. पण ज्या दिवशी सुट्टी असूनही त्या आल्या, पाहुणे होते म्हणून दोन तास अधिक थांबल्या, सत्यनारायणाच्या दुसऱ्या दिवशी ढीगभर भांडी घासून गेल्या, तो दिवस कोणत्या चौकोनात लिहिलेला असतो? वजाबाकीचे चिन्ह आपल्याला ठाऊक आहे. बेरजेचे मात्र त्या कॅलेंडरवर सहसा सापडत नाही.

हिशेब करून पाहू. समजा, रोज एक तासाच्या कामाचे महिन्याला २,००० रुपये ठरले आहेत आणि चार रविवार सुट्टी आहे. म्हणजे २६ तासांचे २,००० रुपये, तासाला सुमारे ७७ रुपये. आता तेच चार रविवार 'जरा येऊन जा' म्हणून बोलावले, तर ३० तासांचे २,००० झाले, तासाला ६७ रुपये उरले. आपण पगार कमी केला नाही, कोणाला दुखावले नाही, आवाजही चढवला नाही. तरी तासामागे दहा रुपये आपल्याकडे राहिले. एखाद्या कारखानदाराने असे केले असते तर त्याच्या दारावर मोर्चा गेला असता.

अर्धवेळ माणसाच्या बाबतीत हा प्रश्न पूर्णवेळ माणसाहून वेगळा आहे, हे नीट समजून घेतले पाहिजे. पूर्णवेळ कर्मचाऱ्याने एखादा रविवार दिला तर त्याला पदोन्नतीची आशा असते, भविष्यनिर्वाह निधी असतो, संस्थेच्या उत्कर्षात त्याचा काही वाटा असतो. अर्धवेळ माणसापाशी विकण्यासाठी वेळ सोडून दुसरे काहीच नसते. आणि आपल्याकडची तिची सुट्टी ही पुष्कळदा तिची सुट्टी नसतेच. त्या तासात तिने दुसरे घर धरलेले असते. नसेल तर तो एकच दिवस असतो पाणी भरण्याचा, रेशनच्या रांगेचा, मुलाच्या अभ्यासाकडे पाहण्याचा, सासूला दवाखान्यात नेण्याचा. शिवाय रविवार हा पश्चिम रेल्वेच्या जम्बो ब्लॉकचाही दिवस. आपण 'अर्ध्या तासाचे तर काम' म्हणतो तेव्हा त्या अर्ध्या तासाच्या दोन्ही बाजूंना एक एक तास फलाटावर उभा असतो.

सुट्टी ही आपल्या समाजाला कोणी सहज दिलेली वस्तू नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत एकेकाळी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले आणि साप्ताहिक सुट्टीचा नियम नव्हता. ठाण्यात वाढलेले नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुले यांचे सहकारी आणि 'दीनबंधू' पत्राचे संपादक. त्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची सभा स्थापन केली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारने नेमलेल्या आयोगापुढे ठेवला. मागण्या पाहा: रविवारी पूर्ण दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर मिळणे, कामावर जायबंदी झालेल्याला भरपाई. दुपारी अर्धा तास जेवायला मिळावा, यासाठी साडेपाच हजार माणसांना सह्या कराव्या लागल्या! पुढे सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली आणि तीत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. त्या काळी स्त्रीने जाहीर सभेत उभे राहून आपली सुट्टी मागणे म्हणजे काय असेल, याची कल्पना येथे बसलेल्या भगिनींना माझ्यापेक्षा अधिक करता येईल. १० जून १८९० रोजी गिरणीमालक संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. आपण ज्या रविवारी सकाळी उशिरा उठतो, त्या रविवारची ही जन्मकथा आहे.

याच इतिहासातला आणखी एक तपशील आजच्या विषयाच्या अगदी जवळचा आहे. सुट्टी असलेल्या दिवशीही गिरण्यांत यंत्रे पुसण्यासाठी, साफसफाईसाठी कामगारांना काही तास बोलावले जाई. यंत्र बंद असल्याशिवाय ते पुसता येत नाही, म्हणून सुट्टीचाच दिवस सोयीचा! मालकाच्या दृष्टीने यात गैर काहीच नव्हते. काम थोडे होते आणि ते 'आपल्याच' यंत्राचे होते. दिवाळीआधीच्या रविवारी माळे झाडायला, पंखे पुसायला बाईंना बोलावताना आपले तर्कशास्त्र याहून फार निराळे असते काय?

आपल्या परंपरेचे काय, असा प्रश्न येथे स्वाभाविक आहे. पोळ्याच्या दिवशी आपला शेतकरी बैलाच्या खांद्यावर जू ठेवीत नाही. त्याला न्हाऊ घालतो, खांदे शेकतो, पुरणपोळी भरवतो आणि दुसऱ्या दिवशी त्याचा खाडाही मांडीत नाही. शुक्रनीतीत सेवकांविषयी विस्ताराने विचार आहे. उत्सवाच्या दिवशी अटळ असल्याखेरीज सेवकांकडून काम घेऊ नये असे त्यात सांगितले आहे. या ग्रंथाच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत हेही सांगितले पाहिजे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, ज्याचे वेतन आधी ठरलेले नाही त्याला काम आणि काळ पाहून वेतन द्यावे, असा दंडक आहे. परंतु त्याच अर्थशास्त्रात विष्टी म्हणजे राज्याने घ्यायच्या वेठीचाही उल्लेख येतो. तेव्हा आपल्याकडे पूर्वी सारे आदर्शच होते, असे म्हणून सुटका करून घेता येणार नाही. परंपरेत दोन्ही आहेत. त्यांतले काय उचलायचे हे आपल्याला ठरवायचे आहे.

वेठ हा शब्द निघालाच आहे, तर तो आपल्या जिल्ह्याला परका नाही. तलासरी, डहाणू, उंबरगाव या पट्ट्यातील वारली बांधवांना स्वातंत्र्यापूर्वी जमीनदाराच्या शेतावर फुकट राबावे लागे. ऐन लावणीच्या दिवसांत स्वतःच्या शेताचा वाफसा निघून जाई आणि माणूस दुसऱ्याच्या चिखलात उभा असे. १९४५ साली त्याविरुद्ध मोठा उठाव झाला. त्याचे नेतृत्व साम्यवाद्यांकडे होते. त्यांच्या विचारसरणीशी आपले मतभेद आहेत आणि राहतील. पण वेठ होती आणि ती अन्याय्य होती, याबद्दल मतभेद असण्याचे कारण नाही. उलट, तो प्रश्न आपल्याला आधी का दिसला नाही, असे त्या काळच्या शहरी सुशिक्षित समाजाला विचारावेसे वाटते.

'पण आम्ही जबरदस्ती कुठे करतो? त्या स्वतःहून येतात' असे कोणी म्हणेल. राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने वेठबिगारीला बंदी केली आहे. १९८२ साली, दिल्लीतील एशियाड स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने या अनुच्छेदाचा अर्थ लावताना एक मूलभूत गोष्ट सांगितली. बळजबरी म्हणजे केवळ मारहाण किंवा कायद्याचा धाक नव्हे. गरिबी आणि भूक यांच्यापायी माणूस किमान वेतनाहूनही कमी मोबदल्यात काम पत्करतो, तेव्हा तीही बळजबरीच होय. आपल्या स्वयंपाकघरापर्यंत तो खटला नेण्याची गरज नाही, पण त्यातली दृष्टी घेण्यासारखी आहे. 'याल ना हो उद्या?' या प्रश्नाला 'नाही' म्हटले तर पहिल्या तारखेला काय होईल, याचा विचार जिला करावा लागतो, तिच्या 'हो'ला स्वेच्छा म्हणता येणार नाही.

'त्या आमच्या घरच्यासारख्याच आहेत' हे वाक्य आपण फार वापरतो. यात खोटेपणा असतोच असे नाही. अनेक घरांत बाईंच्या मुलांची फी भरली जाते, आजारपणात औषधपाणी केले जाते. ते चांगलेच आहे. पण घरचा माणूस 'आज मला कंटाळा आला आहे' असे म्हणून सोफ्यावर पाय पसरून बसू शकतो. ती मुभा जिला आहे तिलाच घरची म्हणावे. आणि मदत व मोबदला यांची खाती वेगळी ठेवावीत. मुलीच्या फीसाठी दिलेले पैसे चार रविवारच्या कामात वळते होत असतील, तर ती मदत नव्हती, उचल होती. आणि तसे असेल तर देतानाच स्पष्ट सांगायला हवे होते.

आता थोडे आपल्या संस्थांविषयी बोलतो. हे बोलणे अप्रिय वाटेल, पण घरच्या मेळाव्यात नाही बोलायचे तर कुठे? गेली अनेक वर्षे काही लहान संस्थांचे हिशेब पाहण्याचे काम माझ्याकडे असते. वाचनालय, बालवाडी, अभ्यासिका, पतपेढी अशा त्या संस्था. त्यांतून तीन तासांसाठी येणारी एखादी लिपिक, दोन तासांसाठी येणारा शिपाई, तासावर शिकवणारी शिक्षिका असते. वार्षिक कार्यक्रम नेहमी रविवारी असतो, कारण पाहुण्यांना तोच दिवस सोयीचा. जमाखर्चात मंडपाचे व्हाउचर असते, ध्वनिक्षेपकाचे असते, चहा-बिस्किटांचे असते, पाहुण्यांना दिलेल्या पुष्पगुच्छाचेही असते. सकाळी सातला येऊन रात्री नऊला कुलूप लावून गेलेल्या त्या शिपायाच्या दिवसाचे व्हाउचर मी क्वचितच पाहिले आहे. विचारले तर उत्तर मिळते, "ते आपलेच आहेत, संस्थेसाठी करतात." सूत्रसंचालक आभार मानताना त्यांचे नाव घेतात, टाळ्या होतात. पुष्पगुच्छाला मात्र पैसे आणि टाळ्या दोन्ही मिळतात.

हा दोष दुष्टपणातून येत नाही. तो एका गुणातूनच येतो, म्हणून तो लवकर दिसत नाही. आपण स्वतः रविवार देतो. वर्षानुवर्षे घरच्यांचा वेळ, पदरचा पैसा, प्रकृती यांची तमा न बाळगता देतो. अशा माणसाला वाटते, मी देतो तर यांनी का देऊ नये? पण माझा महिना माझ्या बँकेतल्या किंवा शाळेतल्या नोकरीवर चालतो, आणि त्यावर उभा राहून मी रविवार देतो. त्या लिपिक ताईंचा महिना याच तीन तासांवर चालतो. मी माझी शिल्लक देतो. त्यांच्याकडे आपण मुद्दल मागतो. शिवाय मी ज्या क्षणी 'या रविवारी जमणार नाही' म्हणेन, त्या क्षणी माझे काही बिघडत नाही. सेवा देणाऱ्याच्या मनातून निघाली पाहिजे. पगार देणाऱ्याने ती मागू नये, आडूनही मागू नये.

कायद्याची स्थिती थोडक्यात सांगतो. वेतन संहिता २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. सात दिवसांत एक विश्रांतीचा दिवस, त्या दिवसाचे वेतन, आणि त्या दिवशी काम घेतल्यास निदान जादा कामाच्या दराने मोबदला, या गोष्टी शासनाने ठरवून देण्याची तरतूद तीत आहे. जादा कामाचा दर नेहमीच्या दुपटीहून कमी असता कामा नये. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदाही साप्ताहिक सुट्टी देतो, पण दोन-चार सेवकांच्या संस्थेपर्यंत त्याच्या बहुतेक तरतुदी पोहोचत नाहीत. घरकामाच्या बाबतीत तर कायदा उंबरठ्यावरच थांबतो. औद्योगिक संबंध संहितेने 'उद्योग' या संज्ञेतून घरगुती सेवा स्पष्टपणे वगळली आहे. आपल्या राज्यात २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम आहे. तो नोंदणी आणि कल्याणकारी साहाय्य यांसाठी आहे, सुट्टी आणि वेतन यांसाठी नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ मध्ये घरकामगारांसाठी आठवड्यातून सलग २४ तास विश्रांतीचा करार संमत केला. भारताने त्याला अद्याप अनुसमर्थन दिलेले नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला घरकामगारांसाठी कायद्याची चौकट तपासण्यास समिती नेमण्याचा निर्देश दिला. पुण्यात १९८० साली घरकाम करणाऱ्या स्त्रियांनी संप करून संघटना उभारली होती, पगारी सुट्टी आणि दिवाळीचा बोनस मागितला होता. त्याला चार दशके उलटून गेली. कायदा येईल तेव्हा येईल. आपल्या घरात तो लागू करायला राजपत्राची वाट पाहावी लागत नाही.

आक्षेप आहेत, ते मला ठाऊक आहेत. पहिला भगिनींकडून येतो: बाई न सांगता खाडे करतात, त्याचे काय? तक्रार खरी आहे. सकाळी सव्वासातची गाडी आहे आणि भांडी तशीच पडली आहेत, ही स्थिती सोपी नव्हे. पण पुष्कळ घरांत सुट्टी ठरलेलीच नसते. सुट्टी मागितली की कपाळावर आठी चढते, म्हणून ती न सांगता घेतली जाते. महिन्याच्या चार सुट्ट्या आणि सणावाराच्या काही सुट्ट्या पहिल्या दिवशीच बोलून ठरवल्या, त्या पगारी ठेवल्या आणि पाळल्या, तर न सांगता होणारे खाडे कमी होतात, असे ज्यांनी हे केले त्या घरांतून मी ऐकले आहे. सगळेच थांबतील असे नाही. दुसरा आक्षेप संस्थाचालकांचा: पैसे कुठे आहेत? पैसे नसतील तर सोमवारी बदली सुट्टी द्यावी. तिला पैसे लागत नाहीत. तेही शक्य नसेल तर कार्यक्रमाचा पुष्पगुच्छ वगळावा. आणि तेही जमत नसेल, तर आपण कार्यकर्ते कशासाठी आहोत?

घरात मृत्यू झाला, कोणी रुग्णालयात आहे, तेव्हा कोणी स्वतः होऊन धावून येते. माणुसकीने आलेल्या माणसाला दारातून परत पाठवा असे मी म्हणत नाही. त्यांचे ऋण मानावे आणि त्यांच्या घरी प्रसंग येईल तेव्हा आपणही तसेच जावे. किती जणांना आपल्या बाईंचे घर ठाऊक आहे, हे मी आज विचारीत नाही.

दोन गोष्टी मात्र याच महिन्यापासून कराव्यात. कॅलेंडरच्या चौकोनात खाड्याबरोबर जादा दिवसही लिहावा आणि पहिल्या तारखेला तो न मागता, दुप्पट दराने द्यावा. संस्थांनी कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत साधा ठराव करावा: सुट्टीच्या दिवशी सेवकाला बोलावल्यास मोबदला किंवा बदली सुट्टी द्यावी, आणि येणे न येणे त्याच्या मर्जीवर राहील. ठरावाची प्रत त्या सेवकाच्या हाती द्यावी, कारण पुष्कळदा आपले चांगले ठराव इतिवृत्तातच राहतात.

आता शेवटची सूचना, ती संयोजकांच्या वतीने. या सभागृहाच्या शिपायांची आज साप्ताहिक सुट्टी आहे आणि त्यांना बोलावलेले नाही. सतरंज्या आणि खुर्च्या आपण उचलायच्या आहेत. चहाची भांडी मागच्या नळावर ठेवली आहेत. तेथे चार जण लागतील, पुरुष मंडळींनी पुढे यावे.